धानाचं कर्ज माफ होते, पोरीचं कायले नाही?

रोवणीचे दिवस होते. २०२४चा जुलै. दिवसभर परे लावून शेजारच्या वहिनी संध्याकाळी तशाच माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साडीचा काठ चिखलानं भरलेला आणि पदराखाली झाकून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत कागद.

"बाई, बँकेचा कागद आला जी. वाचता येते मले, पण समजत नाही."

मी चष्मा लावला. कागद थोरलीच्या शैक्षणिक कर्जाचा होता. थकबाकी सात लाख अठरा हजार, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई. कर्जदार म्हणून मुलीचं नाव आणि त्याच्या खाली सहकर्जदार म्हणून वहिनींचं. बारा वर्षांपूर्वी बँकेत त्यांनी जिथे दाखवलं तिथे सही केली होती. मुलीच्या वडिलांचं सोसायटीचं कर्ज थकलेलं, म्हणून बँकेनं आईची सही मागितली होती. तेव्हा घरात मोठा आनंद होता. आईच्या सहीनं पोरगी इंजिनियर होणार म्हणून पेढे वाटले होते, मलाही दिले होते.

"चारच लाख तं घेतले होते," वहिनी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "हिच्या बापाचं धानाचं कर्ज माफ झालं. पोरीचं कायले नाही होत?"

मैत्रिणींनो, तीस वर्षं शाळेत शिकवलं मी, पण या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. नंतर शोधलं. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते, कारण या पिशव्या एकट्या वहिनींच्या घरात नाहीत.

आमची सावली तुमच्यापैकी अनेकींना माहीत नसेल. मूलहून गडचिरोलीकडे निघालं की वैनगंगेच्या अलीकडे लागणारं हे तालुक्याचं गाव. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या संमेलनाला गांधीजी इथे आले होते, हे जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. बाकी धान, जंगल आणि मजुरी. बारावीपर्यंतची सोय गावात आहे. पुढे मूल, चंद्रपूर, गडचिरोली. २०११मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हापासून बी.ए., बी.कॉम.च्या कामासाठी नागपूरला खेटे घालणं संपलं. पण फार्मसी, इंजिनियरिंग म्हटलं की बहुतेक पोरींची ट्रंक अजूनही नागपूरच्या गाडीवरच चढते. आणि ट्रंक चढली की खर्च सुरू.

वहिनींच्या थोरलीची ट्रंक २०१२ साली चढली. खासगी कॉलेज होतं. ओबीसी म्हणून निम्मी फी सरकारनं भरली, पण उरलेली निम्मी, खोली, मेस, पुस्तकं हे सगळं कर्जातून. वर्षाला एक लाख, चार वर्षांचे चार लाख. आता हे चाराचे सात कसे झाले, ते जरा बैजवार सांगते, कारण बँकेत हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता लगेच सुरू होत नाही. शिक्षण पुरं होऊन वर्ष उलटेपर्यंत तो थांबलेला असतो. आपण समजतो, तेवढे दिवस सगळंच थांबलंय. तसं नसतं. हप्ता थांबतो, व्याज चालूच राहतं! बारा टक्क्यांनी हिशेब करा. पहिल्या वर्षी उचललेल्या एका लाखावर पाच वर्षांचं व्याज साठ हजार, दुसऱ्या वर्षीच्या लाखावर अठ्ठेचाळीस, तिसऱ्याच्या छत्तीस आणि चौथ्याच्या चोवीस हजार. झाले एक लाख अडुसष्ट हजार. ते मुदलात मिळवतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशीच चार लाखांचे पाच लाख अडुसष्ट हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला दहा हजारांचा हप्ता. पोरीला नागपुरात पहिली नोकरी लागली ती अकरा हजारांची.

अकरातून दहा गेले की किती उरतात, हे तर दुसरीतली मुलगीही सांगेल.

थोरलीनं जमेल तसं भरलं. कधी चार हजार, कधी दोन, कधी काहीच नाही. पुढे पुण्याला गेली, पगार अठरा हजार झाला आणि २०२०मध्ये करोनात नोकरी गेली. चार महिने घरी होती तेव्हा आईबरोबर रोवणीला जात होती. गावातल्या बायका बांधावरून विचारत, "काहो, इंजिनियर बाई, परे लावता येते का?" थट्टाच होती ती, पण पोरीनं त्या वर्षी बोलणंच कमी केलं.

आणि आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला ती ऐका. या एक लाख अडुसष्ट हजारांतला एक रुपयाही त्या घरानं द्यायची गरज नव्हती. केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून सुरू होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि शिक्षण तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिकतानाचं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. वहिनींच्या घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या कितीतरी खाली. फक्त उत्पन्नाचा दाखला बँकेत देऊन अर्ज करायचा होता. त्या बँकेत कुणी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. विचारणार तरी काय? जी गोष्ट आहे हेच माहीत नाही, ती विचारायची कशी? व्याज सरकारनं भरलं असतं तर हप्ता दहा हजारांचा नाही, सातचा असता. पगाराच्या मानानं तोही जडच, पण निदान खातं इतकं बुडालं नसतं.

त्याआधी कर्ज घेतलेल्यांसाठीही एकदा दिलासा आला होता. २०१४च्या फेब्रुवारीत तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी हंगामी अर्थसंकल्पात जाहीर केलं की, ३१ मार्च २००९ पर्यंत घेतलेल्या शैक्षणिक कर्जांवर २०१३च्या अखेरपर्यंत थकलेलं व्याज सरकार उचलेल. सुमारे नऊ लाख विद्यार्थी, २,६०० कोटी रुपये. लक्षात घ्या, तेव्हाही मुद्दल माफ झालं नव्हतं, फक्त व्याज. केरळनं २०१७मध्ये थकलेल्या शैक्षणिक कर्जदारांना फेडीसाठी मदत करायची ९०० कोटींची योजना आणली. आपल्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांची कर्जमाफी २००८मध्ये केंद्राची झाली, मग २०१७मध्ये दीड लाखांपर्यंतची आणि २०१९च्या अखेरीस दोन लाखांपर्यंतची राज्याची. वहिनींच्या घरचं सोसायटीचं कर्ज २०१७च्या माफीत गेलं. त्याच घरात, त्याच वर्षी, पोरीच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला.

म्हणून त्यांचा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही. धानाचं कर्ज माफ का होतं? तर पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाही म्हणून. मग नोकरी पोरीच्या हातात होती का? १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजं कशी वाढत गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे खेड्यापाड्यातली हजारो मुलं शिकली, हेही खरंच. पण कॉलेज वाढली तशा नोकऱ्या वाढल्या नाहीत. डिग्री हातात, आणि पगार अकरा हजार.

दुसरी बाजूही आहे आणि तीही आमच्याच गल्लीत राहते. पलीकडच्या घरातल्या मुलानं असंच कर्ज काढलं, रात्रपाळ्या केल्या, लग्न तीन वर्षं लांबवलं आणि पै न् पै फेडली. त्याची आई मला म्हणाली, "यांचं माफ करतील तं माझा पोरगा का मूर्ख होता जी?" तिला मी काय सांगू? शेतकऱ्यांच्या माफीतही शेवटी नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहन रक्कम द्यावीच लागली. शिवाय सरसकट माफी झाली की पुढच्या वर्षी बँका नव्या पोरीला दारात उभी करत नाहीत, ही भीतीही खोटी नाही.

हा वाद काही आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत अध्यक्ष बायडेन यांनी २०२२च्या ऑगस्टमध्ये प्रत्येकी दहा हजार डॉलरपर्यंत आणि गरीब घरच्यांना वीस हजारांपर्यंत शैक्षणिक कर्जमाफी जाहीर केली. पुढच्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली. 'आम्ही फेडलं, त्यांनी का नाही' हेच बोल तिथेही ऐकू आले. मला मात्र जास्त शहाणपणाची वाटते ती ऑस्ट्रेलियाची रीत. तिथे १९८९पासून शिक्षणाचं देणं पगाराला बांधलेलं आहे. ठरावीक रकमेच्या वर पगार गेला तरच वसुली, खाली असेल तर थांब. तरीसुद्धा लोकांच्या डोक्यावर एवढा बोजा साठला की २०२५मध्ये तिथल्या सरकारनं सगळ्यांचं वीस टक्के देणं कमी केलं. आपल्याकडे बँक पगार बघत नाही, तारीख बघते. अकरा हजारवालीला दहाचा हप्ता लावताना कुणाची लेखणी अडखळली नाही.

त्या संध्याकाळी वहिनींची मला वाटलेली चिंता एक होती आणि त्यांची खरी चिंता वेगळीच निघाली. चहा घेता घेता म्हणाल्या, "थोरलीचं होईल कसं तरी. धाकटीचं सांगा."

धाकटी त्या वर्षी बारावी झाली होती. सीईटी दिली होती, फार्मसीला जायचं होतं. आणि योग असा की त्याच महिन्यात, ८ जुलै २०२४ला, राज्य सरकारचा निर्णय निघाला होता. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण रक्कम सरकार भरणार. आधी निम्मी होती, ती आता पूर्ण. म्हणजे एकाच घरात, एकाच महिन्यात दोन कागद. एक म्हणतो, थोरलीचे सात लाख भरा. दुसरा म्हणतो, धाकटीला फी नाही. दोघी एकाच आईच्या, एकाच शाळेच्या, माझ्याच वर्गातल्या. फरक फक्त बारा वर्षांचा.

मी आनंदानं सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "फी नाही, पण जेवण?"

बघा, आम्ही शिकलेल्या बायका फीवर भाषणं करतो आणि आईला आधी पोरीचं ताट दिसतं! खोली, मेस, एसटी, वह्या, मोबाईलचं रिचार्ज. नागपुरात कितीही ओढून ताणून धरलं तरी महिन्याला पाच-सहा हजार. त्यासाठी शैक्षणिक कर्ज मिळतं, राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात धरता येतो. पण आम्ही बँकेत गेलो तर साहेबांनी संगणकात पाहिलं आणि मान हलवली. सहकर्जदार आईचं खातं थकीत. एका पोरीचं शिक्षण दुसरीच्या वाटेत आडवं आलं होतं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३मध्ये म्हटलंय की केवळ सिबिलचा आकडा कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. मी ते साहेबांना सांगितलं. साहेब हसले. "मॅडम, ते केरळ," म्हणाले.

मग उरलं काय? ओबीसी मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना नागपूरसारख्या शहरात वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळतात. चांगली योजना. पण एका जिल्ह्याला सहाशे विद्यार्थी. चंद्रपूर जिल्हा केवढा! अर्ज केला. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही.

पहिल्या वर्षीची मेस वहिनींनी बचत गटातून उचलली. दुसऱ्या वर्षीची काही तेंदूपत्त्यातून. मे महिन्यात पहाटे चारला जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. २०२५च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींना म्हटलं, आता जाऊ नका. त्या म्हणाल्या, "मेसवाला का थांबते जी?" आणि गेल्या. मेसचे तीन हजार कुठून येतात हे त्या मेसवाल्याला कधीच कळणार नाही. साताऱ्याला वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आम्ही वर्गात शिकवतो. शंभर वर्षं होत आली त्याला. ताट अजून बाईच्याच अंगावरून उतरतं आहे.

थोरलीचं काय झालं, ते राहिलंच. कागद आल्यावर घाबरून सावकाराकडे जाऊ नका, असं मी वहिनींना बजावलं आणि आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हे १९८७च्या कायद्यातच आहे. तिथून प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. बँकही तडजोडीला तयार असते, कारण बुडीत खात्यातून काही तरी हाती लागतं. चार लाख दहा हजारांवर ठरलं, तीन टप्प्यांत. पण तडजोड केल्याची नोंद सिबिलमध्ये राहते, पूर्ण फेडल्यासारखी ती धरत नाहीत, हे वकीलताईंनी आधीच स्पष्ट सांगितलं. तेवढं बरं केलं.

पैसे आले ते थोरलीच्या लग्नासाठी साठवलेल्यातून. त्याआधी एक स्थळ आलं होतं, आरमोरीकडचं. मुलगा चांगला, घर चांगलं. सगळं जमत आलं आणि मुलाच्या काकांनी विचारलं, "हप्ता लग्नानंतर कोण भरणार?" बोलणी तिथेच संपली. मला नेहमी गंमत वाटते, मुलाच्या शिक्षणावर कर्ज असलं की त्याचा हुंडा वाढतो, 'एवढा खर्च करून शिकवलाय' म्हणून. मुलीच्या शिक्षणावर कर्ज असलं की ते तिच्या पत्रिकेतला दोष! थोरलीनं स्वतःच सांगितलं, आई, आधी बँक, मग लग्न. आता ती पुण्यातच आहे, पगार पंचवीस हजारांच्या घरात गेलाय. शेवटचा टप्पा तिनं एकटीनं भरला आणि ना-हरकत पत्राची झेरॉक्स आईला पोस्टानं पाठवली. मोबाईलवर फोटो पाठवला असता तरी चाललं असतं, पण नाही.

तुमच्या घरात या वर्षी बारावी असेल तर चार गोष्टी माझ्याकडून घेऊन ठेवा. फी सवलतीसाठी प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ती मिळत नाही, आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठालाही ती लागू नाही. एजंट हे सांगत नाहीत. आमच्या धाकटीच्या कॉलेजनं आधी 'फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ' असं सांगितलं होतं. शासन निर्णयाची प्रत दाखवल्यावर गप्प झाले, म्हणून ती प्रत पर्समध्ये असू द्या. कर्ज घ्यावंच लागलं तर चार लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. 'तुमचं गाव आमच्या शाखेत येत नाही' या कारणानं अर्ज परतवू नका, हेही रिझर्व्ह बँकेनं २०१२मध्ये बँकांना बजावलंय. व्याज अनुदानाचं कर्जाच्या अर्जाबरोबरच विचारा. मुलीनं शिक्षण मध्येच सोडलं तर ते अनुदान जातं, आजारपण सोडून. २०२४च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी योजना आली आहे, तीत तारण नाही, जामीन नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकतानाच्या व्याजात तीन टक्के सूट. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे, तेव्हा मुलीचं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी पाहा. आणि मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात. मागितल्याशिवाय देतीलच असं धरू नका.

परवा वहिनी पुन्हा आल्या होत्या. तीच प्लॅस्टिकची पिशवी, पण आता आत दोन फायली, एक थोरलीची, एक धाकटीची, वर पोरीनंच पेननं नावं घातलेली. मी म्हटलं, आता काय आलं बँकेचं? "बँकेचं नाही जी," त्या म्हणाल्या, "उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपते म्हणते धाकटी. सेतूत आताच अर्ज देऊन ठेवू का? मग तेंदूत लागलो का येणं होत नाही."